वळणावरचा रेटा

शर्यत दुपारी यायची होती, पण पहिलं रक्त सकाळीच सांडलं. तेही माझ्या दुकानाच्या पायरीवर आणि माझ्याच बाकड्यापायी.

मी न्हावी. माझं दुकान चढावरच्या मोठ्या वळणाला चिकटून आहे. एक आरसा, एक फिरती खुर्ची, एक बाकडं आणि कोपऱ्यात टीव्ही. दाढी करून घेता घेता गिऱ्हाइकाला आरशात मागचा अख्खा रस्ता दिसतो, त्यामुळं कोण कुणाकडं गेलं हे गावाला माझ्याकडूनच कळतं. त्या दिवशी देशोदेशीचे नावाजलेले सायकलवाले याच चढावरून वर खिंडीत जाणार होते. तीन आठवड्यांची शर्यत, आणि त्यातला हा सगळ्यात अवघड दिवस. किराणावाला सकाळी सातलाच आला, मला न विचारता माझं बाकडं बाहेर ओढलं, रस्त्याच्या अगदी कडेला मांडलं आणि छत्री उघडून त्यावर ऐसपैस बसला.

तेवढ्यात घण्या आला.

घण्या खाणीत दगड फोडतो. त्याचं खरं नाव आता त्याला स्वतःलाही आठवावं लागत असेल. हात असे, की त्याची दाढी करताना मी त्याला आधी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायला सांगतो. चुकून दचकला तर आरसा जायचा, नाहीतर मी.

"ऊठ," घण्या म्हणाला.

"का? तुझं नाव लिहिलंय का इथं?"

"माझ्या भाच्याची शर्यत आहे. पुढची जागा मामाची."

"भाचा तुझा, रस्ता सरकारचा," किराणावाला छत्री फिरवत म्हणाला. "आणि एवढा तोरा कशाला? भाचा काय पहिला येणार आहे? पाणक्या तो! दुसऱ्यांच्या बाटल्या वाहतो."

घण्यानं पुढं बोलणं वाढवलं नाही. त्याला बाकड्यासकट उचलला आणि पायरीवर आदळला. किराणावाल्याचं नाक फुटलं. पण तोही काही मुकाट मार खाणाऱ्यातला नव्हे. पडल्या पडल्या त्यानं छत्री मिटवली आणि तिची मूठ घण्याच्या कानाखाली अशी हाणली, की कान फाटून रक्त मानेवर आलं. घण्यानं त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडलो नाही. मी कधीच मध्ये पडत नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भांडण आपोआप दमलं, तेव्हा मी दोघांना तुरटी लावली. "आग होते रे," म्हणून दोघांनीही मलाच शिव्या घातल्या.

भाचा पाणक्या होता, हे मात्र खरं. तो घण्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आमच्या गिरणीवालीचा. अंगानं इतका बारीक, की लहानपणापासून सगळे त्याला काडी म्हणायचे. याच चढावर तो पीठ पोचवायला जुनी सायकल हाणायचा, तीच सायकल त्याला लांब घेऊन गेली. आता त्याच्या संघात एक मोठा गडी आहे, त्याला जिंकवायचं आणि बाकीच्यांनी मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून त्याला द्यायच्या, वारा अंगावर घ्यायचा. हे कळलं तेव्हा गावाचं तोंड उतरलं होतं. गिरणीवाली मात्र म्हणाली, "पाणी वाहण्यात लाज कसली? मी जन्मभर लोकांचं दळतेच आहे."

ती नऊच्या सुमाराला दुकानात आली. भुवया पिठानं पांढऱ्या, हातात फोन. तिचा नवरा माझा दोस्त होता, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो.

"भाऊजी, पोराचा फोन होता," ती म्हणाली. "परवा पडला, गुडघा फाटलाय. सगळ्यात मागं आहे."

"मागं तर मागं. पोचला म्हणजे झालं."

"तेच तर. पहिला गडी पोचला की तिथून अडतीस मिनिटं. तेवढ्यात वर नाही गेला, तर मागचा ट्रक उचलतो. मग संघ पुढच्या वर्षी ठेवणार नाही. आणि दुसरी गोष्ट." ती खुर्चीच्या हातावर टेकली. "परवा एका चढावर कुणा परक्यानं त्याला मागून ढकललं. मागं मोटारसायकलवर पंच असतो, त्यानं बघितलं. म्हणाला, आणखी एकदा कुणी ढकललं तर नाव कापीन."

"पण ढकलणारा दुसराच ना?"

"त्यांचा कायदा तसा आहे, आपण काय करणार? पोर फोनवर काय म्हणालं माहीत आहे? म्हणाला, आई, मला चढाची भीती नाही, पडायची नाही. मला आपल्या गावाची भीती वाटते."

पोर शहाणं होतं. ती भीती कळायची तर आमची खोड सांगायला हवी.

आमची शेतं खाली खोऱ्यात आणि बाजार खिंडीपलीकडं. बटाट्याच्या भरल्या गाड्या याच चढानं वर जायच्या. वळणावर चढ असा उभा आहे, की बैल गुडघे टेकायचे. तिथं गाडीवाला ओरडायचा, "रेटाऽऽ!" ती हाक कानावर आली की हातातलं काम टाकायचं आणि पळायचं. जेवत असलास तर उष्ट्या हातानं, भांडत असलास तर भांडण तसंच ठेवून. गाडी वैऱ्याची असो, खांदा लावायचा, वर पोचवायची, मग हवं तर भांडण पुढं चालू करायचं. आता ट्रॅक्टर आले, बैल गेले, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. चढावर कुणी हळू झालं की आमच्या माणसाचे हात आपोआप पुढं होतात. एकदा पाहुण्यांची चांगली चालू मोटार जरा मंदावली, तर चौघांनी पळत जाऊन मागून ढकलली. आतली बाई दरोडा पडला म्हणून किंचाळली.

आणि या गावात एका माणसानं एकदा हाक ऐकूनही रेटा दिला नव्हता. तो सुतार. त्याचा कारखाना माझ्या समोर, रस्त्यापलीकडं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सुतारानं घडवलेल्या चाकाला गिरणीवाल्यानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, चार लोकांत कुजकं म्हटलं. दोघांची जुंपली. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात गिरणीवाल्याची भरली गाडी वळणावर अडली. "रेटाऽऽ!" त्यानं तीनदा हाक दिली. माणसं सगळी खाली शेतात. वळणावर आम्ही दोघंच, मी आणि सुतार. माझ्या हातात वस्तरा होता, गिऱ्हाइकाच्या गळ्यावर, असं सगळे म्हणतात. सुतार दारात वाकसानं लाकूड तासत बसला होता. तो उठला नाही. मोठ्यानं म्हणाला, "माझं चाक कुजकं ना? मग चढव आता जिभेनं!" गाडी मागं सरकली, बैलांना घेऊन घसरली आणि रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर गेली. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये गिरणीवाला होता. त्याला काढला तेव्हा छाती ओळखू येत नव्हती.

संध्याकाळी घण्या सुताराच्या कारखान्यात शिरला. त्याचा उजवा हात त्याच्याच लाकडी ठोकळ्यावर धरला आणि घणानं तीन बोटं चेचली. अख्खं गाव दारात उभं होतं, मीही होतो. कुणी अडवलं नाही. त्यानंतर गावानं सुताराशी बोलणं सोडलं. काम नाही, दाढी नाही, रामराम नाही. बायको माहेरी गेली ती गेलीच. बारा वर्षं तो तीन वाकड्या बोटांनी खोकी ठोकतो आणि ती परगावी विकून येतो.

"तर भाऊजी," वहिनी म्हणाली, "दारोदार जा आणि प्रत्येकाला सांगा. पोराच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. तुमच्या जिभेइतकं या गावात काही चालत नाही."

मी गेलो. दुकान बंद करून घरोघर गेलो, मळ्यात गेलो, विहिरीवरच्या बायकांना सांगितलं, बहिऱ्या म्हाताऱ्याला पाटीवर लिहून दाखवलं. शेवटी सुताराच्या दारापाशी आलो. तो उंबऱ्यात बसून पायातली खडी झाडत होता, शेजारी खराटा. मला कळलं. पहाटेपासून वळणावरची खडी कुणीतरी झाडून काढली होती, एकूण एक खडा, सायकलीचं चाक घसरू नये म्हणून. ते काम कुणाचं याचं गावाला कोडं होतं. त्यानं वर बघितलं. दाढी छातीपर्यंत आलेली. माझं तोंड उघडलं होतं, खरं सांगतो. पण बारा वर्षांचं कुलूप, पहिला शब्द मी का बोलू? कुणी बघितलं तर? मी चप्पल नीट करायला वाकलो आणि पुढं गेलो.

दुपारी ऊन असं पडलं, की डांबर मऊ होऊन तळव्याला चिकटायला लागलं. खोऱ्यातून गरम वारा आणि शेतातल्या उपटलेल्या वेलांचा कुबट वास येत होता. गाव दोन्ही बाजूंनी दाटीनं उभं. वहिनी वळणाच्या अगदी तोंडाशी, हातात गिरणीचा पट्टा चढवायचं दांडकं.

"ज्याचा हात पुढं येईल, तो मोडीन," तिनं सगळ्यांना ऐकवलं. "सख्खा भाऊ असला तरी."

सख्ख्या भावावरच तिचा सगळ्यात कमी भरवसा होता. तिनं गिरणीतून पिठाचं भरलं पोतं आणवलं आणि घण्याच्या छातीवर दिलं.

"धर. दोन्ही हातांनी. पोर पुढं जाईपर्यंत खाली ठेवायचं नाही."

"ताई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर कडेवर घेतलं असतं. धर!"

घण्या पोतं कवटाळून उभा राहिला. लोक हसत होते. किराणावाला नाकात कापसाचे बोळे घालून माझ्या टीव्हीसमोर बसला होता आणि दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन खबर ओरडत होता.

आधी शिट्ट्या आल्या, मग मोटारसायकली, मग पुढचा घोळका. मी कधी असलं काही बघितलं नव्हतं. माणसं नव्हेतच ती, नुसत्या शिरा आणि दात. घामाचा शिंतोडा माझ्या तोंडावर उडाला. लोक बेभान ओरडायला लागले, आणि वरच्या वस्तीतला एक गडी फोन पुढं करून रस्त्यात वाकला. एका सायकलवाल्याचा खांदा त्याच्या कोपराला लागला. पुढचं सगळं एका दमात झालं. पहिला आडवा झाला, मागचे सहा-सात त्याच्यावर चढले. सायकली वाळल्या फांद्यांसारख्या कडाकड मोडल्या. एकाचं तोंड भिंतीला घासत गेलं, गालाचं कातडं दगडावर राहिलं. एकाच्या खांद्याचं हाड कपड्याला आतून टोचत होतं.

गाव तसं गावच. पडलेल्याला उचलायला सगळे धावले. एकानं एका परक्या गड्याला बखोटीला धरून उभं केलं, तर त्या गड्यानं त्याच्या जबड्यावर ठोसा दिला. कळत नव्हतं एकमेकांचं काही. आम्हाला वाटलं मदत करतोय, त्यांना वाटलं धरून ठेवलंय. फोनवाला पळायला लागला तसा एका सायकलवाल्यानं डोक्यावरची टणक टोपी काढून त्याच्या पाठीत घातली, मग वरच्या वस्तीची चार पोरं त्याच्यावर धावून गेली, पोलीस त्या पोरांवर. काठ्या चालल्या. संघाची एक मोटार घाईत एका पोलिसाच्या पायावरून गेली. पाच मिनिटांत रस्ता मोकळा झाला आणि मागं उरलं रक्त, काच आणि दोन तुटके दात. वहिनी जागची हलली नव्हती. ती फक्त खाली बघत होती, चढाच्या तळाशी.

मग वाट बघणं. एक घोळका गेला, दुसरा गेला, तुटक तुटक माणसं गेली.

"पहिला पोचला वर!" किराणावाला ओरडला. "आता अडतीस मिनिटं!"

ऊन हलेना. घण्याच्या कोपरांवरून घाम ठिबकत होता, पण पोतं त्यानं सोडलं नाही.

"तीस!" मग बऱ्याच वेळानं, "पंचवीस! वहिनी, पंचवीसच राहिली हो!" सकाळी पाणक्या म्हणणारा तोच, आता रडकुंडीला आला होता.

आणि मग तो दिसला. एकटा. मागं पंचाची मोटारसायकल आणि तिच्यामागं तो मोकळा ट्रक, मढ्याची वाट बघत उडणाऱ्या गिधाडासारखा हळूहळू. पोराच्या गुडघ्याची पट्टी सुटून चाकाकडं लोंबत होती, पोटरीवरून रक्त थेट बुटात. तोंड उघडं, डोळे कुठंच नाहीत.

"वीस मिनिटं, चार किलोमीटर!" किराणावाला ओरडला, आणि त्यानंतर कुणी ओरडलं नाही. प्रत्येकानं आपापले हात बगलेत दाबले होते. म्हाताऱ्यांनी पदराला, धोतराला गाठी मारून त्यात बोटं अडकवली होती. पोर वळणाला लागलं. जिथं बैल गुडघे टेकायचे, तिथं त्याचं चाक डगमगायला लागलं. थांबल्यात जमा. त्याच्या तोंडून एक आवाज आला, ओरडणं नव्हे, कण्हणं. घण्या पोत्यात तोंड खुपसून हमसून रडत होता.

तेवढ्यात समोरचं दार आपटलं.

सुतार आला. बारा वर्षं बसलेला माणूस असा धावेल असं वाटलं नव्हतं. वाकलेला, दाढी उडतेय, दोन्ही हात पुढं. "रेटाऽऽ!" त्यानं स्वतःच हाक दिली आणि स्वतःच धावला. लोक बाजूला झाले ते दचकून. पोराच्या पाठीपासून त्याचा उजवा हात वीतभर, मग चार बोटं, मग दोन.

वहिनीचं दांडकं त्याच्या खांद्यावर बसलं. तो वाकला पण हात मागं घेईना. दुसरं डोक्यात बसलं. ओला नारळ फुटावा तसा आवाज आला. उजव्या हाताची बोटं तेव्हा पोराच्या कपड्यापाशी पोचलेली होती, फक्त वाकडी होती म्हणून लागली नाहीत. घण्यानं बारा वर्षांपूर्वी ती चेचली नसती, तर पोराचं नाव तिथंच कापलं गेलं असतं. सुतार डांबरावर कोसळला, आणि घण्यानं पोतं सोडलं. ते फुटलं. पिठाचा लोट उठला, काही दिसेना, त्यात फक्त घण्याच्या लाथांचा आवाज आणि खालून येणारं हुं, हुं. त्या पिठातून पोर बाहेर पडलं. पांढरं फटक, गुडघा लाल. पायडलवर उभं राहिलं, एकदाच मागं वळून आईकडं बघितलं आणि वर गेलं. पंच खोकत खोकत त्याच्यामागं गेला. वहीत त्यानं काही लिहिलं नाही.

"पुरे!" वहिनी ओरडली. घण्या ऐकेना, तेव्हा तिनं त्याच्याही नडगीवर दांडकं हाणलं. "पुरे म्हटलं ना! मरेल तो!"

"मरू दे! बापाला खाल्लं, आता पोराला खायला आला!"

"हो बाजूला!"

चौघांनी सुताराला उचलून माझ्या दुकानात आणला, कारण नळ माझ्याकडं होता. खुर्चीत बसवला. नर्सबाई आल्या, त्यांनी जखम बघितली.

"टाके घालावे लागतील. भोवतीचे केस काढा आधी," त्या मला म्हणाल्या.

म्हणजे बारा वर्षांनी त्याला हात लावायची पाळी माझ्यावर आली. मी वस्तरा घेतला. केसात पीठ आणि रक्त मिसळून कणीक झाली होती. टीव्हीसमोर सगळं गाव कोंबलेलं. अचानक छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला.

"पोचला! अठ्ठावीस सेकंद राखून पोचला!" किराणावाल्यानं घण्याला मिठी मारली, सकाळचं नाक पुन्हा वाहायला लागलं तरी सोडेना. वहिनी दारातच मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं.

"पोचला का?" खुर्चीतून आवाज आला. सुताराचा. सगळे टीव्हीकडंच बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं, "पोर पोचलं का?"

"पोचलं," वहिनी म्हणाली.

"बरं झालं." त्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं. "मग मला मारलं का म्हणून?"

घण्या उसळून पुढं आला. "का म्हणून काय विचारतोस? ढकललं की नाव कापतात, माहीत नाही तुला?"

"मला कुठून माहीत? मी दाराच्या फटीतून बघत होतो. पोर चढावर मरतंय आणि अख्खं गाव हात बांधून उभं. मला वाटलं, माझा रोग सगळ्यांना लागला." त्याच्या ओठावरून रक्त ओघळत होतं, ते त्यानं वाकड्या बोटांनी पुसलं. "त्या दिवशी उठलो नाही म्हणून बोटं फोडली. बरोबर केलं, मी कधी तक्रार केली नाही. आज उठलो म्हणून डोकं फोडलं. आता उरलेल्या दिवसांत बसायचं की उठायचं, तेवढं एकदा ठरवून सांगा. दोन्हीचा मार मला सोसायचा नाही."

टीव्ही कुणीतरी बंद केला. वहिनी उठून खुर्चीपाशी आली.

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"माझ्याशी बोलतं कोण?"

ती माझ्याकडं वळली. "भाऊजी, दारोदार तुम्ही गेला होता."

"गेलो होतो."

"याच्या दारात?"

खोटं बोलता आलं असतं. सांगितलं होतं, यानंच ऐकलं नाही, असं म्हटलं असतं तर गावानं माझंच खरं धरलं असतं. पण माझ्या एका हातात त्याचं डोकं होतं आणि ते गरम होतं.

"दारापर्यंत गेलो. बोललो नाही."

तिनं मला चपराक मारली. गिरणीवालीचा हात, पोती उचलणारा. वस्तरा उडून पडला, कान वाजायला लागला. आरशात माझ्या गालावर पिठाची पाच बोटं उठलेली दिसली. आणि काय झालं कोण जाणे, बारा वर्षं पोटात होतं तेही त्या तडाख्यानं बाहेर आलं.

"वहिनी, त्या दिवशीही दाढी झालेली होती. गिऱ्हाईक उठून गेलं होतं. मी नुसता वस्तरा पुसत होतो. हाक मी तीनही वेळा ऐकली."

घण्याचं तोंड उघडं राहिलं. सुतारानं डोळे मिटून घेतले, म्हणजे त्याला ठाऊक होतं. समोरच्याच दारात तर बसला होता तो. बारा वर्षांत त्यानं माझं नाव घेतलं नाही. ऐकायला तरी कोण होतं म्हणा.

मी दुसरा गाल पुढं करून उभा होतो. वहिनीनं मारलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, मग वाकून वस्तरा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"केस काढा," ती म्हणाली. "हात हलू देऊ नका." मग सुताराला म्हणाली, "मान खाली घाल. टाके नीट पडू देत."

त्याला सात टाके पडले आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. आता तो दर आठवड्याला माझ्या खुर्चीत येऊन बसतो, दाढी करून घेतो, त्याच्या कारखान्यात पुन्हा गिऱ्हाइकं येतात. घण्यानंच त्याला खाणीतल्या टिकावांचे दांडे करायला दिले. मी दळण घेऊन गिरणीवर जातो, तेव्हा वहिनी डबा घेते, पट्टा चढवते, पीठ भरून देते. माझ्याशी मात्र त्या दिवसानंतर ती अजून एक शब्दही बोललेली नाही.